पेठा बघण्यासाठी सात गिअरची सिटी सायकल: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

ही सायकल व्यायामासाठी घेतलेली नाही, हे आधीच सांगते. पुण्याच्या जुन्या पेठा निवांत बघायच्या होत्या. चालत गेलं तर दोन पेठांतच ऊन चढतं, आणि स्कूटरवरून एखादा वाडा नीट दिसेपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो. जूनमध्ये घेतली, आता फेब्रुवारी चालू आहे. रविवारी सकाळी सहसा हीच बाहेर निघते.

स्टीलची फ्रेम, खाली वळलेला दांडा, सरळ बसता येईल असं उंच हँडल, मागे सात गिअर, मडगार्ड आणि कॅरियर सोबतच आलेले. कंपनीचं नाव देत नाही. या ठेवणीच्या सायकली बऱ्याच जणांच्या मिळतात आणि फरक थोडाफारच. वजन मात्र भरपूर. जिन्यावरून उचलून नेणार असाल तर विचार करा.

तिची खरी किंमत वसूल होते ती उंच हँडलमुळे. भावाची हायब्रीड सायकल, म्हणजे पुढे वाकून चालवायची, चालवून पाहिली. वेग मस्त, पण मान खाली आणि नजर रस्त्यावर. पेठांमध्ये बघण्यासारखं जे आहे ते पहिल्या मजल्यावर! बाजीराव रस्त्याने सावकाश गेलं की दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याची लाकडी गॅलरी मान न वळवता दिसते. १८८६ सालच्या मंडईचा अष्टकोनी मनोराही तसाच. शनिवारवाड्याला मी फार थांबत नाही. १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत. दिल्ली दरवाजाचे खिळे बघायचे आणि निघायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे पटकन उतरता येणं. दांडा खाली असल्याने साडी नेसूनही अडचण येत नाही. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती गल्लीत असा दडलाय की गाडीवाले सरळ पुढे जातात. अठराव्या शतकातलं, गोसाव्यांनी बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ. दर्शनी भिंतीवर गेंडा कोरलाय, साखळदंडाने जखडलेला, आणि त्याच्याभोवती टोपीवाले गोरे शिपाई. पुण्याच्या देवळावर गेंडा कुठून आला, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृत लेखाच्या जोडीला फारसी लेखही आहे. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची. इथे मी अर्धा तास सहज घालवते.

आता तक्रारी. बाजूचा स्टँड अगदीच कुचकामी. पेव्हर ब्लॉकवर कॅरियरला पिशवी अडकवली की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. शेवटी जुन्या पद्धतीचा डबल स्टँड बसवून घेतला, तेव्हा जिवाला स्वस्थता आली. पावसाळ्यात चेनला गंज फार लवकर धरतो. ओली करून आणली की पुसून ऑइल द्यायलाच हवं. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासून लागणारे, ओले झाले की उशिरा लागतात. खड्ड्यांनी मागच्या चाकाला आउट आला, म्हणजे ते वाकडं फिरायला लागलं, तो कसब्यातल्या एका मेस्त्रींनी उभ्याउभ्या काढून दिला. वर सल्लाही मिळाला: "ताई, हे गिअर काढूनच टाका, उगाच कटकट."

मेस्त्रींचं अगदीच चूक नाही. कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव हा सगळा भाग जवळपास सपाट आहे. गिअर कामाला आले ते फक्त वानवडीला महादजींची शिंदे छत्री बघायला गेले तेव्हा. पर्वतीला तर सायकल पायथ्याशीच लावावी लागते. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला सात वाजायच्या आसपास पोचा. राष्ट्रकूटकाळातलं ते कोरीव लेणं, समोरचा गोल नंदीमंडप, आणि बाहेर रस्ताही त्या वेळी मोकळा. नऊनंतर पेठांत सायकल घालण्यात अर्थ नाही. दुकानं उघडतात, टेम्पो लागतात, आपण फक्त ब्रेक दाबत बसतो.

पेठांपुरतीच हवी असेल तर याच ठेवणीची बिनगिअरची घ्या. वाचलेल्या पैशात डबल स्टँड आणि जाड साखळीचं कुलूप येईल. कुलूप स्वस्तातलं घेऊ नका.