लायनफिश की ट्रिगर? मोठ्या खाऱ्या टाकीसाठी शिकारी मासे निवडताना

शिकारी माशांची टाकी ठरवताना जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, कोण कोणाला खाईल? त्याचं उत्तर फार अवघड नाही. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. माझ्या पाहण्यात टाक्या बिघडल्या त्या मात्र दुसऱ्याच कारणाने: कोण किती भरभर खातो, आणि खायला काही नसेल तेव्हा तोंडाला काय चाळा लावतो, हे कुणी विचारातच घेतलेलं नव्हतं.

या कसोटीवर मासे सरळ दोन तऱ्हांचे निघतात. लायनफिश आणि फ्रॉगफिश दबा धरून बसणारे. कमी हालणारे, सावकाश खाणारे. ट्रिगर, पफर आणि मोठे रास (wrasse जातीचे मासे) दिवसभर भटकणारे. जे दिसेल ते चावून बघणारे. सापासारखे लांब मोरे ईल आणि मोठ्या तोंडाचे ग्रुपर या दोन्हींच्या अधेमध्ये बसतात. माझं मत स्पष्ट आहे. आधी यांतली एक तऱ्हा निवडा, मग मासे निवडा. दोन्हीकडचे आवडते मासे एकत्र आणायचा मोह मीही केला होता.

माझ्याकडे व्होलिटान्स लायनफिश होता आणि नंतर त्यात पिकासो ट्रिगर आला. चिमट्याने कोळंबी पुढे धरली की लायनफिश आधी छातीचे पंख पसरायचा, हळूच वळायचा, नेम धरल्यासारखा क्षणभर स्थिर राहायचा. तेवढ्यात टाकीच्या दुसऱ्या टोकाहून ट्रिगर यायचा आणि कोळंबी घेऊन जायचा. तीन आठवडे असं चाललं. लायनफिशची भूक मंदावली असं मला वाटत राहिलं. मग एका सकाळी त्याच्या पंखांच्या कडा कात्रीने कातरल्यासारख्या दिसल्या. लांब, झालरीसारखे, संथ हलणारे पंख ट्रिगरच्या नजरेला खाणंच वाटतात. काटे विषारी असून उपयोग नसतो, कारण ट्रिगर पंखांची टोकं तेवढी कुरतडतो. दोघांना वेगळं केलं आणि पंख हळूहळू भरून आले, पण तो मासा त्याआधी पुरता खंगला होता.

म्हणून लायनफिश हवाच असेल तर बाकी टाकी त्याच्या चालीने ठरवा. व्होलिटान्स ३५ ते ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि पंखांमुळे त्याहून बरीच जास्त जागा व्यापतो. ७०० लिटरच्या खाली त्याला आणू नये. टाकी त्याहून लहान असेल तर झेब्रा किंवा फझी हे ड्वॉर्फ, म्हणजे बुटके, लायनफिश बघा. ते १५ ते १८ सेंटीमीटरवर थांबतात. मात्र यांना मोठ्या व्होलिटान्सबरोबर कधीच ठेवू नका, तो त्यांना गिळू शकतो. व्होलिटान्सच्या पाठीवर १३, गुदपंखात ३ आणि पोटाखालच्या पंखांत २ विषारी काटे असतात. टाकीत हात घालण्याआधी तो कुठे आहे हे रोज, न चुकता बघायचं. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ४५ अंशांपेक्षा जास्त तापलेल्या नाही, आणि डॉक्टरांकडे जायचं. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो.

ट्रिगरच्या बाबतीत नुसतं ‘ट्रिगर ठेवू का’ असं विचारून भागत नाही, कारण एका जातीचा स्वभाव दुसरीला लागू पडत नाही. नायजर आणि ब्लूजॉ हे उघड्या पाण्यात तरंगते जीव टिपणारे, त्यामानाने समजूतदार. पिकासो मधला. क्लाऊन, क्वीन आणि अंड्युलेटेड यांची गोष्ट वेगळी. पाच सेंटीमीटरचा, पांढऱ्या ठिपक्यांचा क्लाऊन ट्रिगर पाहून कुणाचंही मन जातं, पण तो ५० सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा आहे आणि वर्षभर शांत राहिलेला क्लाऊन अचानक सोबत्यांवर उलटल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. अंड्युलेटेड घ्यायचा तर एकटाच ठेवायचा, असं मी कुणालाही सांगेन. ट्रिगर दगड हलवतात, हवेच्या नळ्या आणि वायरी चावतात, म्हणून हीटर टाकीत न ठेवता खालच्या संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, ठेवावा. त्यांना जाळीने पकडू नका. पाठीचा पहिला काटा उभा राहिला की दुसरा काटा त्याला खिळीसारखा अडकवून धरतो आणि तो जाळीत गुंततो. डब्याने उचलणं बरं.

पफर, विशेषतः पोर्क्युपाइन, हा मला सर्वांत लळा लावणारा मासा वाटतो. काचेपाशी येऊन तो माणसाच्या तोंडाकडे बघत राहतो. पण त्याचे दात चोचीसारखे असतात आणि सतत वाढतात. कवचासकट शिंपले, खेकड्याचे पाय असं कडक खाणं मिळालं नाही तर दात इतके वाढतात की त्याला खाता येत नाही. शिवाय पंख कुरतडायची सवय यालाही आहे. लायनफिशबरोबर पफर निभावलेले लोक आहेत. मी तो धोका पत्करणार नाही.

मोरेंमध्ये दात बघून निवड करायची. स्नोफ्लेक आणि झेब्रा यांचे दात बोथट, खेकडे-कोळंबी फोडण्यासाठी बनलेले. माशांना सहसा त्यांच्यापासून भीती नसते. स्नोफ्लेक टाकीत बहुतेकदा ६० ते ७५ सेंटीमीटर होते, झेब्रा दीड मीटरपर्यंत जाऊ शकते. टोकदार दातांच्या मोरे माशांवरच जगतात आणि त्यांतली ग्रीन मोरे अडीच मीटरची होते, तेव्हा घरच्या टाकीत तिचा विचार नको. मोरेला घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी पकडलेलं भक्ष्य ती जोडी पुढे येऊन आत ओढते. हे कसं घडतं ते २००७ मध्ये संशोधकांनी चित्रित करून दाखवलं. नजर कमजोर, सगळी भिस्त वासावर. म्हणून हाताने भरवू नका, तिला बोट आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही. आणि झाकण! वायर जायला ठेवलेली फटसुद्धा तिला बाहेर पडायला पुरते.

ग्रुपरबद्दल थोडक्यात सांगतो. पँथर ग्रुपर ७० सेंटीमीटरपर्यंत, मिनिएटस ही दुसरी जात ४५-५० पर्यंत जाते. दोघांचं तोंड अंगाच्या मानाने फार मोठं. हजार-बाराशे लिटरपेक्षा मोठी टाकी नसेल तर हा विषय सोडून द्यावा.

मी आज संथ टाकी मांडली तर ७०० ते ९०० लिटरमध्ये एक व्होलिटान्स, एक स्नोफ्लेक आणि शेवाळ खायला एक फॉक्सफेस घेईन. फॉक्सफेस शिकारी नाही, पण त्याचेही काटे विषारी असतात आणि अंगाने उंच असल्यामुळे तो सहज गिळला जात नाही. फक्त तो लहान असताना आणू नये. ही टाकी आठवड्यातून दोन-तीनदा भरवली की पुरे. चपळ टाकीत १२०० लिटर किंवा त्याहून जास्त पाण्यात नायजर किंवा ब्लूजॉ ट्रिगर, पोर्क्युपाइन, हार्लेक्विन टस्क (रासचीच एक जात) आणि झेब्रा मोरे. तिथे रोज खाणं, भरपूर दगड, आणि दुप्पट क्षमतेचा स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), कारण हे मासे घाण फार करतात. पहिली टाकी डोळ्यांना निवांत वाटते, दुसरी घरात जिवंतपणा आणते. रोज पाऊण तास देणं जमत नसेल तर पहिलीच घ्या.

गोल्डफिश जिवंत सोडून भरवणं दोन्ही टाक्यांत टाळा. त्यांत थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि त्यांची चरबी समुद्री माशांच्या यकृतावर साठते. कोळंबी, माकूळ, शिंपले आणि समुद्री माशांचे तुकडे आलटून पालटून द्या.

आणताना सर्वांत भित्रा मासा आधी आणि सर्वांत दांडगा शेवटी सोडायचा. प्रत्येकाला आधी किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं. मोरेला खवले नसतात आणि परजीवींवर वापरतात ती तांब्याची औषधं तिला बाधतात, तेव्हा तिच्या टाकीत ती औषधं टाकायचीच नाहीत. ट्रिगर सोडायच्या दिवशी टाकीतले दगड थोडे फिरवून ठेवा, म्हणजे जुन्या माशांनाही आपली जागा नव्याने शोधावी लागते आणि नव्यावर एकदम हल्ला होत नाही.