काळ्या बिअरचं किट: सात महिने, चार घाणे

घरी काळी बिअर करायच्या किटमधला डबा चांगला, सोबतचा सूचनांचा कागद वाईट. सात महिन्यांत चार घाणे काढल्यावर माझं मत एवढं पक्कं झालंय. डबा म्हणजे १.७ किलो मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, स्टाउट (दाट काळी बिअर) प्रकारचा, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधीच घातलेले. मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड काढा आटवून आटवून काकवीसारखा दाट केलेला असतो तो. झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी. शिवाय तीस लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न घेणारी टोपी), हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून त्याची घनता मोजायची काचेची नळी), तोटी, बाटल्या भरायची नळी आणि तो कागद. (घरी बिअर करण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. डबा फोडण्याआधी आपल्याकडचे बघून घ्या.)

पहिला घाणा मी कागदाबरहुकूम केला. डबा गरम पाण्यात ठेवून अर्क पातळ केला, पिंपात ओतला, एक किलो साखर घातली, पाणी घालून तेवीस लिटर केलं, वर यीस्ट भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉक बुडबुडायला लागला आणि मी लहान मुलासारखा त्याच्यासमोर बसून राहिलो. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले. कागदावर लिहिलं होतं की चार ते सहा दिवसांनी बाटल्या भरा. भरल्या.

तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. दार उघडलं तर दोन बाटल्यांचा चुरा, आतल्या फळीवरून काळा ओघळ आणि भाजलेल्या बार्लीचा घमघमाट. उरलेल्या बाटल्यांना हात लावायचीसुद्धा भीती वाटत होती. जाड टॉवेल गुंडाळून, हातमोजे आणि चष्मा घालून एकेक फ्रिजमध्ये नेली, आणि पार गार झाल्यावर झाकणं सैल करून वायू सोडला.

चूक साधी होती. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नसतं. झाकण नीट बसलं नसेल तर वायू कडेनं निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो; साखर विरघळली की आकडा चढतो, यीस्टनं ती खाल्ली की उतरतो. सुरुवातीला माझा आकडा १.०३९ होता आणि भरताना १.०१२. एवढी साखर घातलेला घाणा १.००८ पर्यंत सहज उतरतो. मधले चार अंक म्हणजे लिटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर अजून खायची शिल्लक. त्यात फेसासाठी मी प्रत्येक बाटलीत वेगळी साखर घातली होतीच. काच किती सहन करणार? आता दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजतो. आकडा हलला नाही तरच बाटल्या. शिवाय एक बाटली मुद्दाम मऊ प्लॅस्टिकची भरतो. ती दाबून बघितली की आतला दाब हाताला कळतो.

साखरेबद्दल कागदाशी माझं दुसरं भांडण. साखर पूर्ण आंबते, मागं काही ठेवत नाही. दारू वाढते, अंग जातं. पहिला घाणा रंगानं काळा आणि तोंडात पाण्यासारखा होता. दुसऱ्या वेळी साखरेऐवजी एक किलो गडद कोरडा मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट घातला आणि पाणी वीस लिटरवर थांबवलं. सुरुवात १.०४४, शेवट १.०१४. फरकाला १३१ नं गुणलं की दारूचं प्रमाण येतं, म्हणजे इथं चार टक्क्यांच्या आसपास. पहिल्यापेक्षा जास्त काही चढत नाही, पण घोट जिभेवर टिकतो. कोरड्या अर्काबद्दल एक सूचना: उकळत्या भांड्यावर पुडा धरू नका. वाफेनं त्याची ढेकळं होतात आणि हाताला, ओट्याला, चमच्याला अशी चिकटतात की अर्धा तास पुसत बसावं लागतं.

तापमानाचंही तेच. कागद म्हणतो २१ ते २७ अंश. जोरात आंबताना पिंपाच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी चढतं, म्हणजे सत्तावीसच्या खोलीत यीस्ट तिशीत काम करतं. मग केळ्यासारखा वास आणि घशाला लागणारी तिखट दारू. मी पिंप पाण्याच्या टबात ठेवून वरून ओला टॉवेल गुंडाळतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ बर्फाची एक बाटली टबात सोडतो. अठरा ते वीस अंश राहिले की पुरे. पहिले तीन दिवस सांभाळले की पुढं फारसं बघावं लागत नाही. झाकणाखालची पुडीही आता वापरत नाही, एल प्रकारच्या बिअरसाठीचं अकरा ग्रॅमचं यीस्ट वेगळं आणतो.

तिसरा घाणा मात्र किटच्या वस्तूनंच घालवला. सगळं निगुतीनं केलं होतं, तरी दहाव्या दिवशी वर सुरकुतलेली पांढरी साय आणि चव चक्क आंबट. संशय पाण्यावर गेला, यीस्टवर गेला. शेवटी तोटी काढली, पकडीनं खेचली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले. आतल्या नळीभोवती तपकिरी, बुळबुळीत थर होता, नखानं खरवडावा लागला. दोन घाण्यांचा तो गाळ. तोटी उघडता येते हे कागदावर कुठंच नाही. निर्जंतुक करायचं द्रव नुसतं तोटीतून सोडून भागत नाही, कारण मळावर ते काम करत नाही. आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. वीस लिटर मोरीत ओतताना फार वाईट वाटलं.

चौथ्या घाण्यात थोडी हौस केली. दोनशे ग्रॅम भाजलेली बार्ली भरडून, फडक्यात बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली. उकळायची नाही, पिळायचीही नाही, नाहीतर तुरटपणा उतरतो. फडकं काढून ते पाणी दहा मिनिटं उकळलं आणि अर्कात मिसळलं. एवढ्याशा दाण्यांनी वीस लिटरचा रंग आणि वास बदलला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरनं इंग्लंडमध्ये मॉल्ट काळा होईपर्यंत भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. त्यानंतर पोर्टर (स्टाउटसारखीच गडद इंग्लिश बिअर) करणाऱ्यांना बहुतेक फिका मॉल्ट वापरून मूठभर काळ्यावर रंग आणता येऊ लागला. मी केलं ते त्याच हिशोबानं.

काळी बिअर नवशिक्याला सांभाळून घेते, हे खरं. भाजल्या वासाखाली बारीकसारीक दोष झाकले जातात. पण ती लगेच पिऊ नका. चौथ्या घाण्याची बाटली दोन आठवड्यांनी उघडली तेव्हा जळक्या कॉफीसारखी बोचली. सहाव्या आठवड्यात बोच बोथट झाली होती. दहाव्या आठवड्यात फेस तपकिरी, दाट, पेल्याच्या कडेला चिकटून उतरणारा. फेसासाठी मी लिटरला पाच ग्रॅमच साखर घालतो, स्टाउटला जास्त वायू शोभत नाही. ओतताना तळाचा बोटभर भाग बाटलीतच ठेवायचा. ते यीस्ट आहे. त्यानं काही बिघडत नाही, पण चव पिठूळ होते.

बाकी सामानात हायड्रोमीटर फारच नाजूक आहे. एक ओट्यावरून घरंगळला आणि गेला. दुसरा आणलाय, तो मोजून झाला की लगेच नळकांड्यात जातो. पिंप मजबूत आहे, पण आत घासणी फिरवू नका, ओरखड्यात मळ बसतो.

पुन्हा घेईन का? डबा घेईन. पिंप आहेच. कागद कपाटाच्या त्या फळीवर अंथरलाय, डाग दिसू नये म्हणून.