बोफोर्सनेच बनवलेली, पण आपली बोफोर्स नव्हे

स्वीडनला मुलीकडे आलोय. जावयाने गेल्या रविवारी जुन्या लष्करी वाहनांच्या एका संग्रहालयात नेलं. नातवाला रणगाडे बघायचे होते, पण माझे पाय एका तोफेपाशीच अडकले. लांबून वाटलं, आपलीच. जवळ गेलो तर नळी आखूड, चाकं चार, मझल ब्रेकला (नळीच्या तोंडावरच्या, धक्का कमी करणाऱ्या भागाला) खाचाच खाचा. पाटी होती १५.५ सेंटीमीटर हाउबिट्स एफ, हाउबिट्स म्हणजे हॉवित्झर. डिझाइन फ्रान्सचं, १९५० चं मॉडेल, आणि परवाना घेऊन इथे बनवली ती बोफोर्स कंपनीने!

मी तोफखान्यातला. देवळालीला शिकलो, पुढे १३० मिलिमीटरच्या तोफेवर होतो, मग १५५ मिलिमीटरच्या बोफोर्सवर, १९९९ ला कारगिल युद्धात द्रासला. ही फ्रेंच तोफ मी कधी डागलेली नाही, तेव्हा हे परीक्षण हात लावून आणि चारी बाजूंनी फिरून केलेलं, एवढं आधीच सांगतो.

आधी जे आवडलं ते. गोळा ४३ किलोचा आणि पल्ला जेमतेम १८ किलोमीटर. आज हा आकडा ऐकून पोरं हसतील. पण आपल्या १०५ फील्ड गनचा पल्ला १७ च्या आसपास, आणि तिचा गोळा याच्या निम्म्याहूनही हलका. ती आली १९७० च्या दशकात. १९५० च्या मानाने फ्रेंचांनी काम चोख केलंय. दुसरं म्हणजे नळी ६९ अंशांपर्यंत उभी होते. डोंगरात ज्यांनी गोळे टाकलेत त्यांनाच याची किंमत. आमच्या १३० चा पल्ला २७ किलोमीटर, पण ती ४५ अंशांवर थांबते. कड्यामागे बसलेल्या शत्रूवर वरून गोळा उतरवायचा तर ती हात टेकते. द्रासला बोफोर्सने भाव खाल्ला त्याचं निम्मं कारण हेच.

सगळ्यात जास्त वेळ मी खाली वाकून बघत बसलो. पुढच्या बाजूला, गाड्याच्या पोटाखाली एक गोल जॅक आहे. पोझिशन घेतली की तो खाली सोडायचा, दोन्ही ट्रेल (तोफेचे मागचे लांब पाय) फाकवायच्या, म्हणजे तोफेचं वजन चाकांवर न राहता जॅकवर आणि ट्रेलच्या टोकांवर येतं. ट्रॅव्हर्स, म्हणजे नळीचं आडवं फिरणं, दोन्ही बाजू मिळून ८० अंश, म्हणजे शत्रू थोडा सरकला तरी ट्रेल उचलायची वेळ येत नाही. ट्रेल उचलणं म्हणजे काय ते चिखलात उभं राहून ज्याने केलंय त्याला विचारा. माझी कंबर अजून उत्तर देते.

आता खोट. इंजिन नाही. आठ-नऊ टनांचं धूड, ओढायला ट्रक, आणि ट्रक सुटला की पुढचं सगळं माणसांच्या खांद्यांवर. फ्रेंच सैन्यात बर्लिए कंपनीचे सहा चाकी ट्रक ही ओढत, ते ठीक, पण शेवटचे वीस फूट कोण ढकलणार? डिटॅचमेंट, म्हणजे तोफेवरची तुकडी, अकरा जणांची होती म्हणे. पटतं. वेग मिनिटाला तीन-चार राउंड, तोही गोळे हातांनी चढवून. आपली बोफोर्स गोळे क्रेनने उचलते, पंधरा सेकंदांच्या आत तीन सोडते आणि स्वतःच्या इंजिनवर पोझिशनही बदलते. नळीचं म्हणाल तर ही व्यासाच्या ३० पट, आपली ३९ पट. पल्ल्यातला फरक तिथेच आला.

इस्रायलने हीच तोफ शर्मन रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवली आणि १९६७ व १९७३ च्या युद्धांत वापरली. ढकलायचा प्रश्नच मिटला. हुशार लोक.

आता गंमत बघा. १९८० च्या दशकात आपल्याला १५५ ची तोफ हवी होती, तेव्हा बोफोर्सशी शेवटपर्यंत टक्कर होती ती फ्रान्सच्या सोफ्माची. म्हणजे ज्यांचं डिझाइन घेऊन बोफोर्सने ही हाउबिट्स बनवली, त्या फ्रेंचांनाच मागे टाकून १९८६ ला आपल्या ४१० तोफांचा सौदा बोफोर्सने मिळवला. सौद्याच्या भानगडीत मी शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ब्रीचवर (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या टोकावर) हात ठेवून उभा होतो तेव्हा मात्र हसू आलं.

संग्रहालयाबद्दल: रंग ताजा, पाटी नीट, पण नळी वर-खाली करायचं चाक वेल्डिंग करून जाम केलंय. नातवाला फिरवून दाखवता आलं नाही. माझ्याकडून तोफेला पाचापैकी साडेतीन.

फोटो आमच्या बॅटरीच्या ग्रुपवर टाकला. सांगलीचा आमचा जुना लेयर (तोफेचा नेम धरणारा), त्याचं पाच मिनिटांत उत्तर: "साहेब, तोफ झकास आहे, पण ट्रेल उचलायला मला बोलावू नका."