ट्रेकिंगचे बूट, नऊ महिन्यांनंतर: सगळं चांगलं, पण लेस!

वजन किती, पाणी आत येतं का, हे तुम्ही वाचलेलंच असेल. मी लेसबद्दल लिहितोय, कारण वासोटा किल्ला उतरताना ती अकरा वेळा सुटली. मोजलंय मी.

आम्ही सोलापूरचे. चढ हवा तर ४५ किलोमीटरवर तुळजापूरचा घाट गाठावा लागतो. जूनमध्ये ३,४०० रुपयांना घेतलेले बूट तिथेच पायाला बसवले. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरतानाही लेस सुटायची, पण सपाटीवर काय, वाकायचं आणि बांधायचं.

नोव्हेंबरात वासोटा केला. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीच्या चौकीत नोंद करायची, सोबतचं प्लास्टिक दाखवायचं, की कोयनेचं जंगल सुरू. चढताना बूट फार सुरेख चालले. ओल्या मुळांवर नाही, सुट्या मुरमावर नाही, कुठेच पाय घसरला नाही. बाबूकडा बघत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, लाँचवाला खाली थांबलेला, त्यामुळे उतरायची घाई. लेस सैल पडली की पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो. खाली पोचेपर्यंत उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

दुकानात गेलो. "मालक, लेस वॉरंटीत येत नाही." कंपनीची नवी जोडी २५० रुपये! घरोघरी सूत पाहिलेल्या गावात गुळगुळीत पॉलिस्टरच्या दोरीला २५० मागतात, याचा राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी दोनच स्टार देणार होतो.

मग वडिलांनी बघितलं. चाळीस वर्षं यंत्रमागावर ताण्याचे तुटलेले धागे जोडलेला माणूस. म्हणाले, "गाठ उलटी मारतोस की रे. फुलाचे कान पावलावर आडवे बसायला पाहिजेत, तुझे उभे बसलेत." खालची पहिली गाठ आणि वरचं फूल एकाच बाजूने वळवलं, तर चालताना गाठ सरकत जाते. एक उजवीकडून, दुसरं डावीकडून घ्यायचं. लहानपणापासून मी चुकीचं बांधत आलो होतो. तेव्हा निम्मा दोष मागे घेतो.

निम्माच. कारण नीट बांधूनही तीच लेस तुळजापूरच्या उतारावर दोनदा सुटली. शेवटी ३० रुपयांची चपटी सुती लेस ओवली. जानेवारीत पुन्हा वासोटा केला, एकदाही वाकावं लागलं नाही. भिजल्यावर सुती लेस फुगते आणि गाठ सोडवताना बोटं दुखतात, ते मला चालतं.

शिलाई अजून शाबूत आहे. टाच बाहेरच्या बाजूने झिजू लागलीय, तरी पुढचा हंगाम निघेल. चार स्टार देतो, पाचवा लेसने घालवला. घेणाऱ्यांनी अर्धा नंबर मोठा घ्या, उतरणीला बोटांपुढे जागा लागते.