विहिरीवरचा मोनोब्लॉक की पाण्यातली सबमर्सिबल?

ठाण्यात येऊर, ओवळ्याकडच्या काही घरांत अजून विहिरी आहेत. पंप घेताना सगळे हॉर्सपॉवर विचारतात. बिघाड शोधायला कोणता सोपा, हे कुणी विचारत नाही.

मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच धडात, काठावर, डोळ्यांसमोर. नुसता घूं-घूं करतो पण फिरत नाही? मेन स्विच बंद करून, मागची जाळी काढून पंखा हाताने फिरवा. सहज फिरला तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटर सुरू व्हायला धक्का देणाऱ्या भागावर; जाम असेल तर दोष विजेचा नाहीच. कपॅसिटर स्वस्तात बदलतो, पण तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका. वीज बंद असली तरी झटका बसतो. पावसाळ्यात मात्र टर्मिनल बॉक्समध्ये ओल शिरते, आणि ठाण्याचा पाऊस काही सांगायला नको.

सबमर्सिबलला आवाज नाही. कपॅसिटरही बहुधा वरच्या पॅनलमध्येच, तेवढं बरं. पण आरसीसीबी (वीज गळू लागली की आपोआप बंद होणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडू लागला, की संशय पाण्यातल्या केबल-जॉइंटवर किंवा मोटरच्या आतल्या तारांच्या वाइंडिंगवर. वायरमन पॅनलपाशी वायर सोडवून मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं वीजरोधक आवरण, तपासतो. रीडिंग खराब आलं की अख्खा पंप वर ओढा.

काठावरचा मोनोब्लॉक साधारण तेवढ्याच खोलीतून पाणी ओढतो, म्हणून पाणी पंपापासून सहा-सात मीटरच्या आत राहत असेल तर मी मोनोब्लॉकच घेईन. मे महिन्यात त्याखाली जात असेल, तर सबमर्सिबल घ्यावीच लागते.