भूत दाखवावं की नुसतं सुचवावं?

भूत थेट समोर आणलं की वाचक दचकतो, यात वाद नाही. पण त्याचे दात, नखं, ताकद एकदा कळली की मन हिशेब करायला लागतं: पळायचं कुठे, मारायचं कशानं? तिसऱ्या भेटीत तर ते ओळखीचंच होऊन बसतं.

सुचवलेल्या भयाची गोष्ट वेगळी. नवरा रोजच्यासारखा जेवायला बसलाय, गप्पा मारतोय. फक्त आज घास डाव्या हातानं घेतोय. "अशी काय बघतेस?" इथे धोका आहे की नाही हेच ठरत नाही, त्यामुळे पळताही येत नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस मॅकअँड्र्यू यांनी २०१६ मध्ये सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा सूरही हाच: अंगावर काटा आणते ती धोक्याबद्दलची अनिश्चितता. त्यातल्या १,३४१ जणांना सगळ्यांत विचित्र वाटलेला व्यवसाय कोणता? विदूषकाचा! (रंगवलेल्या हसण्यामागचा चेहरा वाचता येत नाही ना.)

लघुकथेत माझं मत बिनशर्त सुचवण्याला. कादंबरीत मात्र चारशे पानं नुसत्या चाहुलीवर रेटली तर वाचक वैतागतो. तिथे भूत दाखवावंच लागतं, फक्त होईल तितकं उशिरा.