वापरलेल्या सॉफ्टवेअर परवान्यांची खरेदी-विक्री: एका सेवेचा अनुभव

आमच्या कार्यालयाने गेल्या वर्षी बारा संगणकांसाठी कायमस्वरूपी परवाने नव्याने न घेता, वापरलेल्या परवान्यांची देवघेव करणाऱ्या एका युरोपीय सेवेकडून घेतले, आणि त्याच सेवेला आमचे जुने परवाने विकलेही. आमची नोंदणी युरोपीय संघात असल्यामुळे तिथला कायदा आम्हाला लागू होतो, हे आधी सांगितलेले बरे. कारण या व्यवहाराचे सगळे बळ त्या कायद्यातच आहे.

याआधी एकदा आम्ही दुसऱ्याच एका विक्रेत्याकडून विंडोजची एक स्वस्त की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करण्याचा संकेतक्रमांक, घेतली होती. जाहिरातीत ती 'रिटेल', म्हणजे सुट्या ग्राहकासाठीची, म्हटलेली होती. कमांड खिडकीत परवान्याचा प्रकार दाखवणारी 'एसएलएमजीआर स्लॅश डीएलआय' ही आज्ञा चालवून पाहिली, तेव्हा पडद्यावर 'व्हॉल्यूम एमएके' अशी अक्षरे आली, म्हणजे ती कोणत्या तरी संस्थेच्या सामूहिक करारातून बाहेर पडलेली होती. काही महिन्यांनी ती बंदही झाली. हातात पंचवीस अक्षरे उरली आणि कोणाला जाब विचारायचा याचा एकही कागद उरला नाही. तेव्हापासून मी असल्या सेवा कीवरून जोखत नाही, कागदांवरून जोखतो.

या सेवेचे कागद चांगले होते, पण मागितल्यावर. मूळ खरेदीचे इन्व्हॉइस, उत्पादनाचे नाव व आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि हस्तांतरणपत्र पहिल्याच दिवशी मिळाले. पहिल्या मालकाने आपल्याकडची प्रत काढून टाकल्याचे घोषणापत्र मात्र नऊ दिवसांनी आले आणि त्यात मालकाचे नाव काळ्या पट्टीने झाकलेले होते. परवान्यांचे ऑडिट झालेच तर नाव थेट लेखापरीक्षकाला कळवू, असे लेखी आश्वासन त्यांनी पुढे दिले, तरी ते आमच्या आग्रहाविना मिळायला हवे होते. युरोपीय न्यायालयाने यूजसॉफ्ट (वापरलेले परवाने विकणारी कंपनी) विरुद्ध ओरॅकल (सॉफ्टवेअर निर्माती) या खटल्यात 3 जुलै 2012 रोजी दिलेल्या निकालानुसार, मोबदला घेऊन अमर्याद मुदतीसाठी दिलेल्या प्रतीवरचा निर्मात्याचा वितरणहक्क पहिल्या विक्रीनेच संपतो, म्हणजे तिची पुढची विक्री तो रोखू शकत नाही, मग ती प्रत चकतीवर असो वा डाउनलोड केलेली. परंतु विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे ही अट त्याच निकालात आहे, आणि ते घोषणापत्र हाच त्या अटीचा पुरावा आहे.

याच निकालात असेही म्हटले आहे की अनेक वापरकर्त्यांसाठी दिलेला एकच परवाना तोडून त्याचा नको असलेला भाग विकता येत नाही. ओरॅकलचे परवाने पंचवीस वापरकर्त्यांच्या गटाने मिळत, त्यामुळे सत्तावीस माणसांसाठी दोन गट घ्यावे लागत. आमचे बारा परवाने मोठ्या खरेदीतून आले असले तरी ते प्रत्येकी एका संगणकाचे स्वतंत्र परवाने होते, म्हणून ही अडचण आली नाही. पण सेवेच्या कोटेशनमध्ये याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, आणि ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते. ठरावीक मुदतीची सब्स्क्रिप्शन त्यांनी विकायला काढलेली नव्हती, हे योग्यच, कारण तिथे विक्री होतच नाही. अमेरिकेत तर हा सगळा पायाच वेगळा आहे: व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या प्रकरणात तिथल्या नवव्या सर्किट या संघीय अपील न्यायालयाने 2010 साली, ईबेवर विकलेल्या ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रतींबाबत, ग्राहक हा मालक नसून केवळ परवानाधारक आहे असे ठरवले. त्यामुळे अशी सेवा तिथे वापरू इच्छिणाऱ्याने आमच्या अनुभवावर विसंबू नये.

विक्रीची बाजू खरेदीपेक्षा कडक निघाली, आणि मला ती अधिक आवडली. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक संगणकाचा अनुक्रमांक, सॉफ्टवेअर काढल्याची तारीख आणि काढल्यानंतरच्या पडद्याचे चित्र मागितले होते. अकरा ओळी एका दुपारी भरल्या. बाराव्या ओळीचा लॅपटॉप कोणाच्याच टेबलावर नव्हता. तो रद्दीच्या कपाटात, चार्जरविना पडला होता आणि त्यात ते सॉफ्टवेअर तसेच होते. चार्जर शोधून, ते काढून, चित्र पाठवेपर्यंत आमच्या बाराही जुन्या परवान्यांची रक्कम त्यांनी रोखून धरली.